कुणी न पाहिलेला फाउल

विल्फ स्टॅनिफर्थनं अख्ख्या आयुष्यात एकच पैज लावली, आणि तीही पैशाची नव्हे. क्लबातले बाकीचे आम्ही घोड्यांवर लावतो, कुत्र्यांवर लावतो, ख्रिसमसला बर्फ पडेल की नाही यावरसुद्धा लावतो. विल्फ नाही. "खेळता येत नाही म्हणून ही असली थेरं," असं तो नेमका माझ्याकडे बघून म्हणायचा.

मी लेन बॅगशॉ, क्लबचा सेक्रेटरी; बारही मीच सांभाळतो. चाळीस वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी आम्ही दोघं क्लबात स्नूकर खेळत आलो. स्नूकरमध्ये एक पद्धत आहे. समोरच्याचा फटका मनापासून आवडला की टेबलाच्या कडेवर बोटं वाजवायची. विल्फनं ती दाद सगळ्यांना दिली, अगदी त्या मुडद्या पोस्टमनलासुद्धा. मला चाळीस वर्षांत एकदाही नाही. खडूस म्हातारा, दुसरं काय.

पैज लागली ती एप्रिलमधल्या एका रविवारी, त्याच्याच घरी, जेवताना; मीही होतो जेवायला. आदल्या दिवशी जागतिक स्पर्धा सुरू झाली होती. दरवर्षी हे सतरा दिवस आमच्या शेफिल्डमध्ये दुसरं कुणी काही बोलत नाही. विल्फची मुलगी बेव्हर्ली साउदम्प्टनहून आली होती. तिनं बापासाठी आपल्या घरातली खालची खोली रंगवून ठेवली होती आणि खोलीचे फोटो रश्शाच्या भांड्याशेजारी मांडले होते.

"डॅड, फेब्रुवारीत पायरीवरून पडलास. कपाळाला सात टाके."

"बर्फ होता."

"बर्फ सगळ्या शेफिल्डवर होता. पडलास तू एकटा."

"या घराला काय धाड भरलीय? तुझी आई इथं गेली. मीही इथूनच जाणार."

"तेच तर म्हणतेय मी!"

बेव्हर्लीनं काटा खाली ठेवला. पोरगी बापावर गेलेली आहे, तसूभरही मागं सरत नाही. "बरं, मग पैज लाव. टॅरंट ही स्पर्धा जिंकला तर हा विषय मी आयुष्यात पुन्हा काढणार नाही. हरला तर महिन्याभरात तू माझ्याकडे."

"मध्येच हरला तर?"

"कुठंही हरला तरी हरला."

युआन टॅरंट म्हणजे त्या वर्षीचा हॉट फेव्हरिट. वर्षभरात सहापैकी चार मोठ्या स्पर्धा त्यानंच मारलेल्या. बुकीच्या दुकानात त्याच्यावर पौंड लावला तर वर पौंडही सुटत नव्हता. मी टेबलाखालून विल्फच्या नडगीला लाथ मारली, म्हणजे 'घे, गाढवा, घे' या अर्थी. त्यानं हात पुढं केला. बाप-लेकीनं हात मिळवले, मी साक्षीदार.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बेव्हर्लीला एकच पडणं माहीत होतं, फेब्रुवारीतलं. त्यानंतर विल्फ आणखी दोनदा पडला होता, एकदा जिन्यात आणि एकदा न्हाणीत. दोन्ही वेळा मीच उचललं, आणि दोन्ही वेळा त्यानं माझ्याकडून शपथ घेतली.

आणि चौथं, जे विल्फलाही माहीत नव्हतं. पैजेनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी तो क्लबात आला नाही म्हणून मी त्याच्या घरी गेलो. माझ्याकडे किल्ली असते. गॅसवर किटली कोरडी पडून काळी झाली होती, आणि विल्फ स्वयंपाकघरात कपाटाला टेकून जमिनीवर बसला होता. डोळे उघडे. मला "आर्थर" म्हणाला. आर्थर म्हणजे त्याचा भाऊ, जाऊन तीस वर्षं झाली. मी गॅस बंद केला, त्याला खुर्चीत बसवलं. दहा मिनिटांनी तो एकदम म्हणाला, "अरे लेन, कधी आलास? चहा टाकतो." त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

डॉक्टरला बोलवायला हवं होतं. बेव्हर्लीला फोन करायला हवा होता. मी दोन्ही केलं नाही. त्याची दया आली म्हणून गप्प राहिलो असं सांगितलं तर शोभून दिसेल, पण खरं कारण तसं नाही. तो गेला तर मंगळवारी-शुक्रवारी मी काय करणार होतो? किटली मात्र मी घासून ठेवली, लख्ख.

टॅरंट उपांत्य फेरीत पोचला. शनिवारी दुपारी क्लबात पाय ठेवायला जागा नव्हती. पैजेची बातमी सगळ्यांना लागली होती, त्यामुळे टीव्हीवर वेल्सचा कोवळा ओवेन प्रोबर्ट टॅरंटसमोर उभा राहिला तेव्हा त्याच्या बाजूनं एकटी बेव्हर्ली, त्याच सकाळी साउदम्प्टनहून पुन्हा आलेली. बापाशेजारी ताठ बसलेली, हातात लेमनेड मिसळलेल्या बिअरचा, शँडीचा ग्लास.

"टेन्शन आलंय का, पोरी?" पोस्टमननं विचारलं.

"तुमची पत्रं वेळेवर येतील तेव्हा मला टेन्शन येईल," ती म्हणाली. सगळे हसले. विल्फ हसला नाही. त्याच्या मांडीवरच्या बशीत पोर्क पाय, ती मांस भरलेली पेस्ट्री, तशीच पडून होती.

सोळा-सोळा फ्रेम झाल्या, म्हणजे डाव बरोबरीत; पुढचा जिंकेल तो अंतिम फेरीत. शेवटच्या फ्रेमला टॅरंट सदतीस गुणांनी पुढे, टेबलावर दोनच लाल चेंडू उरलेले. एक लाल आत गेला आणि मागोमाग काळा गेला की सामना खिशात. टॅरंट टेबलावर आडवा झाला, एक पाय हवेत, फटका मारला. लाल आत, आणि ज्यानं मारायचं तो पांढरा चेंडू जाऊन थांबला थेट काळ्यासमोर. क्लबात असा आरडाओरडा झाला की माझ्या बारवरचे ग्लास खणखणले. कुणीतरी विल्फच्या पाठीवर थाप मारली.

टॅरंट सरळ उभा राहिला आणि त्यानं हात वर केला.

पंचाला कळेना. टॅरंट त्याच्यापाशी जाऊन काहीतरी बोलला आणि स्वतःच्या बाहीकडे बोट केलं. बाही शेजारच्या लाल चेंडूला लागली होती. पंचानं पाहिलं नव्हतं. टीव्हीवर तीनदा हळू करून दाखवलं, तरी कुणाला काही दिसलं नाही. फाउल. मिळालेला गुण गेला, चार गुण आणि पाळीही प्रोबर्टला. टॅरंट खुर्चीत जाऊन पाणी प्यायला लागला.

"अरे बैला!" मी ओरडलो. "कुणी विचारलं होतं का तुला?"

मग तो वेल्सचा पोरगा उठला आणि उरलेलं सगळं टेबल साफ केलं. शेवटचा काळा आत गेला आणि दोन गुणांनी फ्रेम त्याची, सामना त्याचा.

क्लबात कुणीतरी टेबलावर मूठ आपटली. मग सगळे एकदम बोलायला लागले. पोस्टमन म्हणाला, "ही पैज रद्द. टॅरंट हरला कुठं? त्यानं सोडून दिलं." दुसरा म्हणाला, "बरोबर. जिंकलेला सामना देऊन टाकला तर त्याला हार म्हणत नाहीत." मी सेक्रेटरी, साक्षीदार, मीही घसा साफ करून म्हणालो की नियमाच्या दृष्टीनं विचार करण्यासारखी बाब आहे. कसला नियम अन् कसलं काय.

"गप्प बसा रे," विल्फ म्हणाला. "हरला म्हणजे हरला. आणि केलं ते बरोबर केलं."

बेव्हर्ली बापाकडे बघत होती. त्याचा चेहरा एवढासा झाला होता. तिचे डोळे भरून आले. "डॅड, जाऊ दे ना. मी रागाच्या भरात बोलले होते. बर्फावर काय, कुणीही पडतं. एकदाच तर पडलास. राहा तू इथं."

मला वाटलं, सुटलो! मी विल्फकडे बघून डोळा मारला.

विल्फनं माझ्याकडे पाहिलंच नाही. टीव्हीवर टॅरंट आपली क्यूची काठी पेटीत ठेवत होता, तो तिकडे बघत होता. "एकदा नाही," तो म्हणाला. "तीनदा. जिन्यात आणि न्हाणीतही पडलो. लेनला बोलू दिलं नाही मी. त्याला रागावू नकोस."

बेव्हर्ली माझ्याकडे वळली. मला म्हणाली, "लेन अंकल, तुम्हीसुद्धा?" मी बार पुसायला घेतला. मग तिनं नाक पुसलं आणि बापाचा हात हातात घेतला. "खरं बोललास ना, तेवढं पुरे मला. न्हाणीत दांडे बसवू. गळ्यात ते बटण घाल, दाबलं की मदत येते. ख्रिसमसपर्यंत बघू. शुद्धीवर असशील तर बटण दाबशीलच की तू."

विल्फचा चेहरा उजळला. देवाशप्पथ, एवढा खूष मी त्याला बायको गेल्यापासून पाहिला नव्हता. "दाबीन," तो म्हणाला. "मंगळवारी याला हरवायचंय मला."

त्या बटणाच्या वाक्यावर मी अडकलो. शुद्धीवर असशील तर. माझ्या डोळ्यांसमोर ती काळी किटली आली. कुणी पाहिलं नव्हतं. विल्फलाही ठाऊक नव्हतं. एकट्या मला ठाऊक होतं, आणि मी तोंड मिटून ठेवलं असतं तर मंगळवार माझा होता. मला टॅरंटचा असा काही राग आला की सांगता सोय नाही.

मी फडकं खाली ठेवलं आणि हात वर केला.

"काय रे?" विल्फ म्हणाला. "दारू संपली का?"

"चारदा," मी म्हणालो. "मंगळवारी. किटली कोरडी जळाली होती. तू मला आर्थर म्हणालास. तुला आठवत नाही, विल्फ. दहा मिनिटं तू नव्हतासच."

बेव्हर्लीनं तोंडावर हात ठेवला. पोस्टमननं टीव्ही बंद केला. विल्फ माझ्याकडे बघत राहिला, आणि मी त्याच्या कपाळावरच्या त्या सात टाक्यांच्या वणाकडे, कारण डोळ्यांत बघायची हिंमत नव्हती. आता शिव्या घालेल असं वाटलं. घालायला हव्या होत्या. घर गेलं होतं त्याचं, आणि ते टॅरंटनं नव्हे, मी घालवलं होतं.

तो उठला. खुर्चीला धरून, सावकाश. आमच्या टेबलापाशी गेला, लाकडी कडेवर हात ठेवला आणि दोन बोटांनी वाजवलं. टक, टक.

मग मुलीला म्हणाला, "चल. काय काय न्यायचं ते बघू."

जूनच्या पहिल्या आठवड्यात तो साउदम्प्टनला गेला. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्यात, बरं चाललंय म्हणतात. मी अजून मंगळवारी आणि शुक्रवारी टेबल लावतो आणि दोन्ही बाजूंनी एकटाच खेळतो. एक फटका माझा, एक विल्फचा. बाही कुठं लागली तर हात वर करतो आणि चार गुण त्याच्या नावावर मांडतो. गेल्या आठवड्यात त्यानं मला दोन गुणांनी हरवलं.