निळी लोकर बांधलेली केबल

इमारतींचे नकाशे तपासायचं काम ते दोघं नवरा-बायको मिळून करायचे. डावीकडच्या मॉनिटरवर ती जुना नकाशा वाचायची, "खिडकी, चार फूट." उजवीकडच्या मॉनिटरवर तो नव्या नकाशात तीच खिडकी शोधायचा आणि म्हणायचा, "आहे." हिवाळ्यात ती गेली, आणि वाचणारं कुणी उरलं नाही.

साहेबांनी ऑफिसचा लॅपटॉप पाठवला. "दोन्ही मॉनिटर याला जोडा आणि हा नकाशा एकट्याने तपासून द्या," ते म्हणाले. "जमलं तर काम तुमचंच. नाहीतर दुसऱ्या जोडीला द्यावं लागेल. राग मानू नका."

त्याने जोडले. उजवीकडचं चित्र लख्ख आलं. डावीकडे मात्र रेघा फुगलेल्या, भिंतीच्या दोन रेघांची मिळून एकच दिसत होती. त्याने काच पुसली, चष्मा पुसला, परत काच पुसली.

"बाबा, आता ती झिजेल," दारातून सून म्हणाली.

तिने खुर्ची ओढून लॅपटॉपची सेटिंग उघडली. "उजव्याला रिझोल्यूशनचा, म्हणजे सगळ्यात बारीक चित्राचा, आकडा आहे. डाव्याच्या यादीत तो आकडाच नाही. मॉनिटर सारखेच ना दोन्ही?"

"एकाच दिवशी घेतलेले. जुळे."

"मग केबल बघू." ती वाकली.

"ती राहू दे."

केबलच्या टोकाला निळी लोकर बांधलेली होती. एकदा त्याने चुकून बायकोची केबल उपटली होती, तेव्हा तिने ही खूण बांधली आणि दुपारभर त्याच्याशी अबोला धरला.

"ही आईंच्या आधीच्या मॉनिटरची आहे," सून म्हणाली. "इतकं बारीक चित्र हिला पेलत नाही."

"तिचं काम चालत होतं की."

"त्या मापं मोठी करून एकेक वाचायच्या. तुम्हाला अख्खा नकाशा डोळ्यासमोर हवाय." मग हळूच म्हणाली, "साहेबांना काय सांगायचं, लोकरीपायी काम गेलं?"

त्याला हसू आलं. पटलं होतंच, हात तेवढा पुढे होत नव्हता. मॉनिटरच्या खोक्यात नवी केबल प्लॅस्टिकमध्ये तशीच पडून होती. जुनी त्याने स्वतःच काढली. डावा मॉनिटर काळा झाला. नवी लावली, सुनेने आकडा निवडला, आणि भिंतीच्या दोन रेघा दोन झाल्या.

तो कामाला बसला. डावीकडे बघून स्वतःच मोठ्याने वाचलं, "जिना, तीन फूट." उजवीकडे बघितलं. "आहे." आपलाच आवाज त्याला आधी परका वाटला, मग सवयीचा झाला. "दार, अडीच फूट." उजवीकडे बघितलं. पुन्हा बघितलं.

"नाही."

त्याने साहेबांना फोन लावला. "नव्या नकाशात न्हाणीघराला दारच नाही. लोकांनी भिंतीतून जायचं का?"

साहेब हसले. "बाकीचं संपवा. पुढचा नकाशा पाठवतो."

फोन ठेवून त्याने जुनी केबल मांडीवर घेतली. बायकोची गाठ म्हणजे गाठ, नखाने सुटेना. सुनेने कात्री पुढे केली, त्याने मानेनेच नको म्हटलं आणि टाचणीने उकलत बसला. शेवटी सुटली. नव्या केबलला त्याने ती निळी लोकर दुहेरी गाठ मारून बांधली.

"आता तरी उपटू नका," सून म्हणाली.

"बघू," तो म्हणाला आणि पुढची खिडकी वाचायला लागला.