गंगेवरच्या दोघी

माझ्या सासूबाईंना, म्हणजे सखुबाईंना, त्यांच्या आईचा चेहरा आठवत नव्हता. त्या लहान असतानाच ती साथीत गेली. माहेर फुलमाळ्यांचं, गंगेवर, म्हणजे आमच्या गावच्या नदीच्या घाटावर, गजरे विकणारं. फोटो कोण काढणार? "आरशात बघा आत्याबाई, तशीच असेल," असं मी सासूबाईंना म्हणायचे. त्यावर त्या म्हणायच्या, "आरशात माझा बाप दिसतो गं, मिशा सोडून."

दोन हजार चार साली माझी लेक दिशा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या कॉलेजला कुणा जुन्या फोटोग्राफरच्या काचेच्या प्लेटा मिळाल्या होत्या. त्या स्कॅन करायच्या, माणसं, पायऱ्या, पाणी वेगवेगळं कापून कॉम्प्युटरात पुढंमागं मांडायचं. मग डोक्यावर हेल्मेटसारखं यंत्र घातलं की आपण थेट फोटोच्या आत. मान वळवाल तिकडं घाट. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी.

एका प्लेटेत वरून टिपलेल्या घाटाच्या पायऱ्या होत्या आणि टोपल्या घेऊन बसलेल्या दोघी. डावीकडची समोर बघून हसत होती, उजवीकडची पाठ करून गजरा ओवत होती. गंगेवर बसायच्या जागा ठरलेल्या असतात. सासूची जागा सुनेकडं जाते, इंचभर इकडंतिकडं होत नाही. उतरताना डाव्या हाताची जागा आत्याबाईंच्या माहेरची, उजव्या हाताची त्यांच्या बालमैत्रिणीच्या, गोजराबाईंच्या माहेरची. आजही. प्लेटांच्या डब्यावरचं साल आत्याबाईंच्या जन्माच्या आसपासचं. म्हणजे हसणारी ती आई!

दिशानं आणलेला छोटा प्रिंट आत्याबाईंनी देव्हाऱ्यात ठेवला. त्याआधी तो आमच्या मळ्यातल्या अख्ख्या वस्तीला दाखवून झाला होता, गोजराबाईंना तर दोनदा.

आईला भेटायचं म्हणून त्या कॉलेजात नवं लुगडं नेसून आल्या. अंबाड्यामुळं यंत्र बसेना.

"आजी, केस मोकळे सोड ना."

"आईपुढं झिंज्या सोडून जाऊ व्हय?"

शेवटी मी तिथंच त्यांची वेणी घातली. पंचाहत्तरीची बाई मान खाली घालून शहाण्यासारखी बसून राहिली.

यंत्र चढलं. "अगं बाई, लय जवळ हाय की!" त्यांनी हात पुढं केला. हवेत हळूच काहीतरी चाचपलं. मग तोच हात स्वतःच्या नाकाकडं गेला.

"दिशे, नाक डावीकडं टोचतात ना गं? हिची चमकी उजवीकडं कशी?"

दिशा स्क्रीनपाशी गेली. काच उलट्या बाजूनं स्कॅन झाली होती. तिनं चित्राचं डावं-उजवं फिरवलं. हसणारी बाई उजव्या हाताला गेली, गोजराबाईंच्या माहेरच्या जागेवर. डावीकडं आली ती पाठ.

आत्याबाई बराच वेळ त्या पाठीकडं बघत राहिल्या.

"आजी, मी चेहरा तयार करू शकते," दिशा रडवेली झाली. "तुझ्या फोटोवरून."

"नगं. केलेली आई काय करायची?" यंत्र काढून त्यांनी वेणी पुढं घेतली, सारखी केली. "गोजरीला आणा. तिची पण त्याच साथीत गेली. तिनं तरी कुठं बघितलीय?"

दुसऱ्या दिवशी मी रिक्षानं गोजराबाईंना घेऊन गेले. त्या यंत्र घालून आत शिरल्या आणि ओरडल्याच, "आये! दात किती चांगले गं तुझे! मला मेलीला का नाय दिलेस?" मग यंत्राखालून पाणी गालांवर यायला लागलं. आत्याबाईंनी पदरानं ते पुसलं, कोपराला धरून त्यांना उभं ठेवलं. "घाई करू नको. बघ पोटभर."

बऱ्याच वेळानं गोजराबाई म्हणाल्या, "सखे, तुझी वळून बसलीय. भांडली का काय माझ्या आईशी? हाक मार की तिला."

"फोटो हाय तो, गोजरे."

"मग काय झालं? मार."

आत्याबाईंनी यंत्र घातलं. दिशानं कीबोर्डवरचा हात काढून घेतला.

"आई," त्यांनी हळूच हाक मारली. मग जरा मोठ्यानं, "आई गं!"

आम्ही तिघी थांबलो. स्क्रीनवर पाठ होती तशीच होती. बाजूला पसरलेल्या पायाच्या अंगठ्याला दोरा, त्यात अर्धा झालेला गजरा.

"कामात हाय," आत्याबाई म्हणाल्या, आणि तिथंच, फोटोतल्या पायरीवर बसायला म्हणून खाली वाकल्या. मी घाईनं खुर्ची सरकवली.