घोडीची जागा

माझ्या बायकोच्या शिवणकामाच्या कारखान्यातला मुकादम दारात आला, तेव्हा मी पेन्सिलीला टोक करत होतो. त्यानं चपला काढल्या आणि उभाच राहिला. नुसता निरोप सांगायला आलेला माणूस चपला काढत नाही.

"वहिनींनी मशीनवरच मान टाकली हो," तो म्हणाला. "दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही."

मी पेन्सिल कानावर अडकवली आणि त्याच्याबरोबर निघालो. सगळं उरकून घरी आल्यावर माझ्या ताईनं ती काढून घेतली.

मी दारं-खिडक्या बसवणारा सुतार. मागे एकदा तेलाचा एक रिकामा डबा हिच्या हातून पडला आणि ही म्हणाली, "आवाज चांगला आहे याचा. वाद्य करा ना मला." जुन्या चौकटीच्या फळीची मान केली, एक खुंटी ठोकली, सायकलच्या ब्रेकची तार उकलून तिचा एक पदर ताणला. डब्यावर तारेखाली लाकडाचा छोटा तुकडा उभा केला. त्याला घोडी म्हणतात, हे हिनंच सांगितलं.

कामावरून आली की ही समोर बसायची. एक सूर गायची, तारेवरून बोट सरकवत न्यायची आणि जुळला की म्हणायची, "इथं." तिथं मी खूण करायचो. नंतर प्रत्येक खुणेवर पत्र्याची पट्टी बसवायची होती.

एकदा मी म्हणालो, "थोडं अलीकडे असेल."

"तुमचे कान नुसते चष्मा अडकवायला आणि पेन्सिल ठेवायला," ही म्हणाली. "तुम्ही खूण करा."

घोडी मात्र चिकटवू देईना. ती केसभर हलली तरी सगळे सूर हलतात, सगळं झालं की मगच, असं तिचं म्हणणं. बिजागरीची जागा मी आधी आखून घेतो. इथं आखली नाही. जागा सांगायला रोज हीच समोर असायची.

ताई घर आवरायला राहिली होती. तिनं डबा पुसायला घेतला, खुंटी फिरली, तार सैल पडली.

"काही मोडलं नाही रे," ती म्हणाली. "हा तुकडा निघाला तेवढा. बटणांच्या डबीत ठेवलाय."

तिला काय माहीत. पण हिच्या कानाला पटेल असं ते वाद्य पुरं करावं, एवढंच मला हवं होतं.

मुलगी सासरहून आली. तिच्या फोनला सूर कळतात म्हणे. तिनं घोडी इकडेतिकडे सरकवली. पहिली खूण जमली, दुसरी जमली, तिसरी काही केल्या जमेना.

"बाबा, इथं आईची चूक झाली असेल."

"फोनची झाली असेल."

"मग तुम्हीच सांगा." तिनं खुणेवर तार छेडली, मग फोन सांगत होता तिथं. "यातला आईचा कुठला?"

मी डोळे मिटून ऐकलं. पुन्हा वाजव म्हणालो. तिनं पुन्हा वाजवलं.

मला दोन्ही सारखेच वाटले.

मुलगी परत सासरी गेली. डबा खिडकीत आहे. मानेवर चार खुणा आहेत. तीन करायच्या राहिल्या आहेत. घोडी चिकटवायची राहिली आहे.