खुल्या मनाची अट

बोअरची गाडी धुऱ्यावर, शेताच्या बांधालगत, उभी होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवून कंटाळला होता. आमच्या देऊळघाटच्या शेतात अजून दोन खुणा होत्या. एक चुन्याची, मी यंत्रानं जमीन तपासून काढलेली. दुसरी तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, रोवलेली, जिथं पाणाड्या कडूबाकाकांच्या तळहातावर आडवा नारळ उभा राहिला होता. पैसे एकाच बोअरपुरते होते. विहिरीचं पाणी सगळ्या बागेला पुरणारं नव्हतं; बोअर कोरडी गेली तर पेरूची बाग या उन्हाळ्यात वाळणार.

"बाबा, जरा खुल्या मनानं विचार करा," मी म्हणाले.

"सकाळपासून तेच म्हणून राह्यली तू. खुलं मन म्हंजे तुवं ऐकणं, असंच ना?"

मी भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. केलंय. 'खुलं मन' हा शब्दप्रयोग रोज वापरते. तरी त्याचा अर्थ सांगायची वेळ आजच आली.

"नाही. काय दिसलं म्हंजे आपण मत बदलू, ते आधी सांगणं. काका डोळे बांधून तीनदा चालतील. तिन्हीदा नारळ त्याच जागी उभा झाला, त बोअर तुराटीवर. नाही त चुन्यावर."

कडूबाकाका हसले. "बांध माय. शिकेल पोरीची गाठ पक्की अशीन."

पहिल्यांदा नारळ तुराटीपासून हातभरावर उभा झाला. बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मी काकांना गोल फिरवून सोडलं. नारळ पुन्हा तिथंच. अट मीच घातली होती आणि आता मीच पळवाट शोधत होते: चढ पायाला कळत असेल, ढेकळं ओळखीची असतील.

तिसऱ्यांदा नारळ पार बांधाजवळ उभा झाला. काकांनी फडकं सोडून पाहिलं आणि नारळ काखेत घेतला. बाबांनी ड्रायव्हरला चुन्याकडं हात केला.

मशीन घरघरत राहिली. रॉडमागून रॉड खाली गेले, पण वर येणारी धूळ ओली होईना. शेवटी ड्रायव्हरनं मशीन थांबवली.

"नुसता फुफाटा उडून राह्यला, ताई. आणखी नेऊ काय?"

माझ्याजवळ कारणं होती. जमीन फार सुकलेली होती, नोंदी घाईत घेतल्या होत्या. बाबा माझ्या तोंडाकडं पाहत होते.

"नका नेऊ. माही खूण चुकली."

ओठावर 'पण' आलं होतं, ते गिळलं.

"मंग माही बरोबर होती म्हण," कडूबाकाका म्हणाले.

"तेही नाही काका. पाणी कुठं आहे, आपल्या दोघांलेही माहीत नाही."

"अन् बाग?" बाबांनी विचारलं.

"अर्ध्या झाडांची खरड छाटणी करू, फांद्या पार खालून कापू, म्हंजे त्यांले पाणी कमी लागन. बाकीच्यांले विहिरीचं पाणी पुरते का पाहू."

"कोणती अर्धी?"

"ते मले नाही सांगता येत. झाडं तुमाले माहीत आहेत."

बाबांनी पेरूच्या झाडांवरून नजर फिरवली. मग पहिल्या ओळीकडं वळले.

"चाल. कोयता घे."