तापानंतरचं पाणी

"पाणी उतरवा चुलीवरून," फरजाना दारातूनच म्हणाली.

नंदाबाईंचा हात थबकला. नवरा, सोमेश्वर, बोअरवेलच्या गाडीवर कामाला. गडचिरोलीकडून येताना मलेरिया घेऊन आला होता. कालपासून ताप नव्हता. ताप गेला की डोक्यावरून न्हाऊ घालायचं, मग दुखणं सरलं, असा घरचा रिवाज. उद्या तो पुन्हा गाडीवर निघणार होता.

"ताई, तुम्हीच सांगितलं ना, रक्तात आता जंतू न्हाई म्हणून?"

"न्हाईच. सकाळीच काचपट्टी पाह्यली. पण यांचे डोळे पाहा, किती पिवळे झालेत. लघवी कवा झाली?"

"काल दुपारी, थोडी," सोमेश्वर वैतागून म्हणाला. "ताप न्हाई तर दवाखाना कशाला? गाडी थांबत नसती माझ्यासाठी."

सरकारी दवाखान्यातर्फे बोटं टोचून मलेरियासाठी रक्त तपासत फरजाना बारा वर्षं गावोगाव फिरत होती. हुज्जत तिला नवी नव्हती. तिनं सरळ बसकण मारली.

"जंतू शिरले की रक्तातल्या पेशी एकमेकींना सांगावा धाडतात, धावा, मारा म्हणून. बारीक रसायनंच असतात ती. जंतू मरतात, पण कधी कधी सांगावा थांबतच न्हाई. मंग मार आपल्याच किडनीवर बसतो."

"असं कुठं असतं का?"

"आमेरला झालं. माझा भाऊ. त्याचीबी पट्टी साफ होती, मीच तपासली. आमच्यातबी बरं झालं की अंघोळ घालतात. पाणी मीच तापवलं, दुखणं सरलं म्हणून दवाखान्यात न्हेलंच न्हाई. पाचव्या दिवशी गेला. अॅम्ब्युलन्स बोलावलीय. तुम्ही बसल्याबिगर मी उठत न्हाई."

ती खरंच उठली नाही. सोमेश्वरनं नंदाबाईंकडं पाहिलं. त्यांनी पातेलं उतरवलं, लाकडं मागं ओढली आणि त्याचे कपडे पिशवीत भरायला घेतले.

जालन्यात चार वेळा डायलिसिस झालं. अठराव्या दिवशी तो घरी आला. नंदाबाईंनी फरजानाला बोलावून घेतलं. तिनं रिपोर्ट दोनदा वाचला, डोळे पाहिले, लघवीचं विचारलं.

"घालू का आता पाणी?" नंदाबाईंनी विचारलं.

फरजानानं बादलीत बोटं बुडवून पाहिली. आमेरच्या वेळीही तिनं अशीच पाहिली होती.

"कढत हाय," ती म्हणाली. "थोडं गार मिसळा. मंग घाला."

आणि मोरीतला पाण्याचा आवाज थांबेपर्यंत ती ओसरीवर बसून राहिली.