पाचवा ग्लास

“पुस्तकं मिटा. पाठ केलेलं नको, दिसेल ते सांगायचं,” आई वर्गाला म्हणाली आणि तिने लिटरचा जग दोन्ही हातांनी उचलला.

तपासणीला आलेले साहेब खिडकीपाशी उभे होते. टेबलावर पाच ग्लास. प्रत्येकात काठोकाठ दोनशे मिलिलिटर मावायचं. आईचे हात हल्ली थरथरत, म्हणून जग भरून द्यायला मी सोबत गेले होते आणि मागच्या बाकावर बसले होते. लिटरचे मिलिलिटर फळ्यावर मांडले की मुलं संध्याकाळपर्यंत विसरतात, समोर ओतले की जन्मभर लक्षात ठेवतात, असं तिचं म्हणणं. “पाणी कुणाची भीड धरत नाही,” हे ती दर वर्षी नव्या मुलांना सांगे.

“आज मुलांनाच ओतू दे ना,” मी सकाळी सुचवलं होतं.

“मग मी काय तिथे शोभेला उभी राहू?”

पहिले दोन ग्लास नीट भरले. तिसऱ्याच्या काठावर जग किणकिणू लागला. पाणी टेबलावरून ओघळत साहेबांच्या बुटांकडे निघालं. पाचवा ग्लास जेमतेम अर्धा झाला आणि जग रिकामा झाला.

“हं, तर एका लिटरचे असे ग्लास किती?” साहेबांनी विचारलं.

“साडेचा—” एकाने तोंड उघडलं. शेजारणीने त्याला कोपर मारलं. मग अख्खा वर्ग नको इतक्या जोरात ओरडला, “पाच!”

“तयार आहेत हो बाई, तुमची मुलं!”

माझेही ओठ ‘पाच’ म्हणून गेले होते. आई खाली मान घालून टेबल पुसत राहिली, ते कोरडं झाल्यावरसुद्धा.

घरी आली ती चपलांसकट खुर्चीत बसली.

“निभावलं की गं,” मी म्हणाले. “केवढा जीव आहे पोरांचा तुझ्यावर!”

“त्याचीच लाज वाटते. त्यांना दिसत होतं सगळं. माझ्यापायी खोटं बोलली ती, आणि मी गप्प बसले.”

त्याच महिन्यात तिने शाळा सोडली. वाटेत जुनी मुलं दिसली, की ती रस्ता बदलायची.

ती गेली त्याच्या आदल्या दुपारी दवाखान्यात तिने पाण्याचा ग्लास माझ्याकडून हट्टाने स्वतःच्या हातात घेतला. थोड्या वेळाने नर्स आली.

“काय आजी, किती पाणी गेलं पोटात?”

“ग्लासभर,” मी घाईने म्हणाले.

आईने डोळे उघडले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग नर्सकडे.

“अर्धा,” ती म्हणाली. “बाकीचं सांडलं.”

“मग किती मिली लिहू?”

“शंभर.”

मला मान वर करवेना. मी टॉवेल घेऊन वाकले, तर आईने आपला थरथरता तळवा उशीच्या ओल्या डागावर ठेवला आणि मला तो पुसू दिला नाही.