बर्फाचा मॅप

सम्राटच्या उजव्या हाताची तीन बोटं प्रेस मशीनखाली गेली, तेव्हा त्याचा फोन सणसवाडीतल्या खोलीवर होता. आणि त्यावर त्याच्यासोबत राहणारा, त्याच कंपनीतला रोहन खेळत होता.

फोन खोलीवर ठेवायचा, हा दोघांचा ठराव. लढाईच्या गेममधला बर्फाचा मॅप जादा पैसे भरून घ्यावा लागतो, अन् मिळतो एकाच आयडीला. दोघांनी मिळून एकदाच घेतला, सम्राटच्या आयडीवर. एक कामावर, तर दुसरा बर्फात. तापल्या पत्र्याशी झटणाऱ्याला गारवाही विकतच घ्यावा लागतो.

बँडेज सुटायच्या आत ठेकेदार साहेबरावनं सम्राटला केबिनात बोलावलं. रोहन सोबत गेला. साहेबरावनं आपला मोबाइल पुढं सरकवला. शेजारी उभा सुपरवायझर शंभूही तोच गेम खेळायचा, त्यानं काढलेला स्क्रीनशॉट. सम्राटचं नाव, पुढं ऑनलाइन असल्याचा हिरवा ठिपका, वेळ अपघाताची.

"मशीनवर गेम खेळतो व्हय रे? आन् भरपाई आम्ही द्यायची?"

"साहेब, फोन आत न्यायला बंदी हाय. वॉचमनला विचारा."

"वॉचमन माझाच हाय." साहेबरावनं दारात उभ्या वॉचमनकडं बोट केलं.

त्या दिवशी दोघांची पाळी एकच होती, पण रोहननं तापाचं निमित्त करून खाडा केला होता. सम्राटनं त्याच्याकडं बघायचं टाळलं. बघितलं असतं तर कबुली मागितल्यासारखं झालं असतं.

"मी खेळत व्हतो," रोहन म्हणाला. "खोलीवर. मला ताप न्हवता."

"आयडी कुणाची?"

"त्याची. पण..."

"मग खेळला तोच. आन् तू खोटं सांगून घरी बसला, हे आत्ता तूच बोलला. उद्यापास्नं येऊ नको."

दोन वर्षं राबून सम्राटचं नाव कंपनीच्या हजेरीवर लागलं नव्हतं. गेममध्ये लागलं होतं, तेवढं यांना बरोबर सापडलं.

साहेबरावनं छापील कागद काढला. चूक माझी, तक्रार नाही. "कर सही."

सम्राटनं बँडेजचा हात टेबलावर ठेवला. "ह्यानं करू?"

"डावा अंगठा चालतो," साहेबराव म्हणाला आणि शाईचा डबा उघडला.

सम्राटनं डावी मूठ आवळली. रोहन मधे पडला, तसं वॉचमननं त्याला गचांडी धरून बाहेर ओढलं. शंभूनं दार लावलं, सम्राटचं डावं मनगट टेबलावर दाबलं आणि त्याची उरलेली बोटं एकेक करून सोडवायला लागला.